वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून

आमच्या अभ्यासक्रमाच्या नावात 'नेतृत्व' हा शब्द होता, आणि त्या एका शब्दानं माझी जेवढी करमणूक केली तेवढी बाकी सगळ्या नोकरीनं केली नसेल. प्रवेशाचे दिवस होते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ दोघातिघांना मागे घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, हितं नेतृत्व शिकवतेत म्हनं?"

"हो, पण शिक्षकांना. पदवी हवी, डी.एड. नाहीतर बी.एड. झालेलं हवं, आणि सध्या वर्गावर शिकवत असायला हवं."

"त्यातलं कायबी न्हाय. पर कार्यकर्ते लई हायेत की."

मी त्यांना चहा पाजला. निघताना दारात थांबून ते म्हणाले, "सर्टिफिकिट मिळालं असतं तर बरं झालं असतं मॅडम. निवडणूक तोंडावर आलीय." मला अजून वाटतं, त्यांना घ्यायला हवं होतं. निदान हजेरी तरी पूर्ण भरली असती.

मी सोलापुरातल्या एका अध्यापक महाविद्यालयात शिकवत होते. नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात शिक्षक नेतृत्वाचा हा पदव्युत्तर अभ्यासक्रम माझ्याकडे आला आणि मी त्यात पार बुडून गेले. विद्यार्थी सगळे नोकरी करणारे शिक्षक. शनिवारी सकाळची शाळा सुटली की डबा घेऊन दुपारच्या तासाला हजर व्हायचे, आणि रविवारचा अख्खा दिवस आमच्याकडे. सोलापूरचा एप्रिल, वर पत्रा, पंखा गरम वारा फेकतोय, आणि समोर आठवडाभर पोरांमागे ओरडून घसा बसलेली माणसं. त्यांना आपण काय शिकवायचं, असा प्रश्न मला दर शनिवारी पडायचा. तरी तो शनिवार यावा असं शुक्रवारपासून वाटत राहायचं. आता निवृत्त झाल्यावर शनिवार येतो आणि नुसता जातो, तेव्हा त्या पत्र्याखालच्या खोलीची फार आठवण येते.

बाहेरच्या माणसाला आमचं काम सांगायचं तर असं. आपल्याकडे शिक्षकाची बढती म्हणजे त्याला वर्गातून बाहेर काढणं. चांगलं शिकवणारा मुख्याध्यापक होतो, मग केंद्रप्रमुख होतो, आणि मग मुलांशी त्याचा संबंध पोषण आहाराच्या आकड्यांपुरता उरतो. आमचं म्हणणं होतं की वर्ग न सोडताही चांगल्या शिक्षकाला आजूबाजूच्या चार जणांना बरोबर घेता येतं. त्यासाठी पहिली गोष्ट करायची ती ही, की सहकाऱ्याच्या वर्गात जाऊन मागच्या भिंतीला टेकून बसायचं. शिक्षक काय करतो ते बघायचं नाही, मुलं काय करतात ते बघायचं. मग तसंच त्याला आपल्या वर्गात बसवायचं, दोघांनी बोलायचं, आणि शाळेत एक बदल करून दाखवायचा. वर्षाच्या शेवटी त्याचा अहवाल, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर त्याच शाळेत तोंडी परीक्षा.

ऐकायला किती सोपं वाटतं! पण शेजारच्या खोलीतला माणूस कसा शिकवतो हे आपल्याकडे जन्मभर कुणाला माहीत नसतं. आमच्या शाळांमध्ये मागे बसून लिहिणारा माणूस एकच असतो, तो म्हणजे तपासणीला आलेला साहेब. जेऊरहून रेल्वेनं येणारे आमचे शिंदे सर पहिल्यांदा आपल्या मित्राच्या वर्गात बसायला गेले तेव्हा काय झालं ते त्यांनीच आम्हाला सांगितलं. हे दोघे रोज एका मोटारसायकलवर शाळेत जाणारे, एका डब्यात जेवणारे. शिंदे सरांनी आदल्या दिवशी नुसतं म्हटलं, "उद्या तुझ्या वर्गात बसतो जरा." दुसऱ्या दिवशी मित्र मोटारसायकलवर आलाच नाही, तो आधीच शाळेत पोचला होता. अंगण झाडलेलं, फळ्यावर रंगीत खडूनं सुविचार, मुलांच्या केसांना तेल. तास संपल्यावर त्यानं शाल आणि नारळ पुढे केला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, काय कमीजास्त असंल तर सांभाळून घ्या." शिंदे सर म्हणाले, "अरं, मी हाय!" तर तो म्हणतो, "हायस रे, पर मागं बसून लिवत हुतास की."

हसून हसून आमची पुरेवाट झाली. पण त्या हसण्यात सांगोल्याकडची एक मुलगी हसत नव्हती. तिचं नाव संगीता देवकते. मेंढपाळांच्या घरातली. वडील वर्षातले कित्येक महिने कळप घेऊन बाहेर, म्हणून ही आजोळी राहून शिकली होती. आता होटगीच्या पुढच्या एका गावात दोन शिक्षकांच्या शाळेत होती. नवरा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात. शनिवार-रविवार तो पोरं सांभाळायचा, पण त्यानं स्वच्छ सांगितलं होतं, हे एक वर्ष, पुढं नाही. संगीताला ही पदवी मनापासून हवी होती. बाकीचे बढतीसाठी यायचे, ते तोंडावर सांगायचेही. हिला विचारलं तर म्हणाली, "मॅडम, मला चांगलं शिकवायला यायला पाहिजे. दुसरं काही नाही." मला वाटलं, ही नुसतं दाखवायला बोलतेय. नंतर कळलं, नाही.

तिच्या शाळेचे मुख्याध्यापक म्हणजे बिराजदार गुरुजी. पहिली-दुसरी त्यांच्याकडे, तिसरी-चौथी हिच्याकडे. घराघरात कानडी बोलणारं गाव आणि शाळा मराठी. गुरुजींनी तिथं मुलांच्या बापांनाही पहिली शिकवलेली. निवृत्ती जवळ आलेली, माणूस ताठ. कुणी मागून हाक मारली तर वळूनसुद्धा बघायचे नाहीत. शाळेचा फोन वाजला की "बाई, घ्या" म्हणून हिच्या हातात. आणि वर्गाचं दार कायम बंद.

संगीतानं बसायची परवानगी मागितली तेव्हा गुरुजी भडकले. "माझ्या वर्गात बसून लिवनार? मी काय गुन्हा केलाय काय?"

"गुरुजी, आधी तुम्ही माझ्या वर्गात बसा. मग बघू."

हे मात्र त्यांना पटलं. ते हिच्या वर्गात मागं येऊन बसले, हाताची घडी घालून. तास संपल्यावर म्हणाले, "पोरं तुमच्याकडं बघत न्हाईत बाई, बोलताना तुमी फळ्याकडं तोंड करता." आणि चांगल्या मूडमध्ये असल्यामुळे म्हणाले, "या उद्या माझ्याकडं."

पुढच्या शनिवारी तास संपले, सगळे बस गाठायला पळाले आणि संगीता बाकावर बसून राहिली. मी म्हटलं, "काय गं, बस नाही का?" तर डोळ्यांत पाणी. मला रडणारी माणसं समोर आली की काही सुचत नाही, मग मी रागावते. मी रागावूनच विचारलं, "काय झालं ते बोल आधी."

तिनं सांगितलं ते असं. गुरुजींच्या वर्गात एक मुलगी वाचायला उभी राहिली. पुस्तक दोन्ही हातांत, गुरुजींकडे तोंड करून, खणखणीत आवाजात धडा वाचत होती. धडा विहिरीचा होता. मागं बसलेल्या संगीताला तिचं पुस्तक दिसत होतं, त्यात उघडलेल्या पानावर हत्तीचं चित्र होतं. गुरुजी तिच्या चेहऱ्याकडे बघत मान हलवत होते. धडा संपल्यावर "शाब्बास" म्हणाले. मुलगी "हौद्री गुरुजी" म्हणून कानडीतला होकार भरून खाली बसली. मग दुसरा मुलगा उठला, त्यानंही विहिरीचाच धडा म्हटला. त्याचं पुस्तक तर उलटं होतं.

"आणि मॅडम, एक पण पोरगं हसलं नाही. सगळ्यांना माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"गुरुजींना ऐकू येत नाही. समोर तोंड करून बोललं तर ओठ बघून ओळखतात. नाहीतर काहीच नाही."

मी खुर्चीत टेकले. फोन, बंद दार, मागून दिलेल्या हाका, सगळं एकदम उलगडलं. त्या मुलांचंही मला नवल वाटलं. गुरुजींशी बोलायचं तर समोर जाऊन बोलायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी ते गुरुजींना सांभाळत सांभाळत शिकून घेतलं होतं. आणि त्याच सांभाळण्यात त्यांचं स्वतःचं वाचन राहून गेलं होतं. तिसरीत आलेली मुलं अशी का येतात, धडे घडाघडा म्हणतात आणि समोर पाटी धरली की गप्प का होतात, याचं कोडं संगीताला दोन वर्षं पडलं होतं.

"मी अहवालात काय लिहू, मॅडम? हे लिहिलं तर त्यांची नोकरी जाईल. सगळ्या गावात ते तोंड कसं दाखवतील? नाही लिहिलं तर माझ्या अभ्यासात राहतं काय?"

मी तिला तेव्हा जे सांगितलं त्यावर मी आजही ठाम आहे. म्हटलं, अहवालाचं नंतर बघू. आधी पोरांचं बघ. गुरुजींची इज्जत राखायची, पण ती त्या पोरांच्या वाचनातून कापून द्यायची नाही. दोन्ही होत असेल असा रस्ता काढ, आणि तो मला विचारू नकोस, कारण मला तो माहीत नाही. त्या गावात मी राहत नाही, तू राहतेस.

ती गेली आणि तिनं पहिला डाव घालवला. सरळ गुरुजींना म्हणाली, "पहिली-दुसरीचं वाचन मी घेत जाते." गुरुजी उसळले. "पहिली माझी हाय. ह्या गावच्या बापांना बी मीच वाचाय शिकवलंय. आता तुमी माझा वर्ग काडून घेनार?" त्यानंतर आठ-दहा दिवस दोघांत बोलणं बंद. दोन शिक्षकांच्या शाळेत अबोला म्हणजे काय असतं ते ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. सगळं गाव दोन्ही दारांतून बघत असतं.

मग तिच्या डोक्यात आलं ते मला फार आवडलं. तिच्या चौथीला भागाकार येत नव्हता. खरंच येत नव्हता, यात नाटक काही नव्हतं. तिचं स्वतःचं गणित कच्चं, हे तिनं आमच्या वर्गातही कधी लपवलं नव्हतं. ती गुरुजींच्या समोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, माझ्या पोरांना भागाकार येत नाही. मला नीट शिकवता येत नाही. तुम्ही येता का?"

गुरुजी चिंचोक्यांचा डबा घेऊन गेले. जमिनीवर ढीग मांडले, मुलांना वाटे करायला लावले. गणित डोळ्यांनी दिसतं, त्यात कान लागत नाही. मूल चुकलं की त्याच्या पुढ्यातल्या ढिगात चूक दिसायची आणि गुरुजी तिथंच धरायचे. पंधरा दिवसांत चौथी भागाकार करायला लागली, आणि गुरुजींचा पाय तिथून निघेना. "तुम्ही इकडे आहात तोवर मी तिकडच्या पोरांकडं बसते," असं म्हणून संगीता पहिली-दुसरीत जायला लागली. वर्ग कुणी काढून घेतला नाही. गणिताच्या तासाला गुरुजी इकडे, वाचनाच्या तासाला बाई तिकडे, आणि गुरुजींच्या वर्गाचं दार आता उघडं. दिवाळीनंतर ती मुलं हत्तीच्या पानावर हत्तीचा धडा वाचायला लागली, अडखळत, पण खरा.

त्या वर्षी मला तिचा इतका अभिमान वाटला की मी घरी येऊन यांना रोज तेच सांगायची. यांनी शेवटी विचारलं, "तुझी बाकीची पोरं मेली का गं?"

बाकीची मेली नव्हती, पण हळूहळू वर्गातून निघून चालली होती. ही माझ्या मनाला लागून राहिलेली गोष्ट आहे. वर्गातच राहून पुढं जायला आम्ही शिकवायचो, आणि आमची पदवी हातात पडली की चांगले चांगले शिक्षक तीच दाखवून बढती घ्यायचे. शिंदे सरसुद्धा आता कार्यालयात बसतात. भेटले की म्हणतात, "मॅडम, पोरांचा आवाज ऐकून किती दिवस झाले." पुढे प्रवेश कमी झाले आणि अभ्यासक्रम बंद पडला. आता असलं शिक्षण म्हणे मोबाईलवर घरबसल्या मिळतं. मिळो बापडं. पण मोबाईलवरून कुणाच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून कसं बसणार, ते मला अजून कळलेलं नाही.

संगीताच्या तोंडी परीक्षेला मी परीक्षकांना घेऊन तिच्या शाळेत गेले. परीक्षक बाहेरच्या जिल्ह्यातले, शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले. माणूस सरळ आणि कडक. त्यांनी पहिली-दुसरीच्या मुलांना वेगवेगळी पानं उघडून वाचायला लावली. मुलांनी वाचलं. चौथीला भागाकार घातला, तोही झाला. परीक्षक खूश दिसले. मग मुलं बाहेर व्हरांड्यात जेवायला बसली आणि आम्ही चौघं वर्गात राहिलो, परीक्षक, मी, संगीता आणि सहकारी म्हणून बिराजदार गुरुजी. परीक्षकांनी अहवाल उघडला आणि त्यात मान घालूनच विचारलं, "बदल केलात हे दिसतंय. चांगला झाला हेही दिसतंय. पण का केलात? तुम्ही लिहिलंय, परस्परांच्या सोयीसाठी. कुणाची सोय?"

संगीता पदराचं टोक चाळवत राहिली.

"बाई, सोय बघणं म्हणजे नेतृत्व नव्हे. शाळेची अडचण काय होती आणि ती तुम्हाला ओळखता आली का, हे मला बघायचंय. ते सांगा. नाहीतर अहवाल परत करावा लागेल."

परत म्हणजे पुन्हा एक वर्ष, आणि तिच्या घरी पुढचं वर्ष नव्हतं. परीक्षकांचं चुकत होतं असंही नाही. हा प्रश्न मी स्वतः आखून दिलेल्या निकषांतलाच होता. मला मधे बोलायची परवानगी नव्हती. पायाखालची फरशी बघत मी मनातल्या मनात म्हणत होते, सांगून टाक गं बाई. आणि त्याच वेळी म्हणत होते, सांगू नकोस.

"मला सांगता यायचं नाही, सर," ती म्हणाली.

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

गुरुजींना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. परीक्षकांची मान खाली, ओठही दिसले नव्हते. पण इतकी वर्षं ते माणसांच्या तोंडाकडे बघूनच जगत आले होते. त्यांनी संगीताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पेनाकडे बघितलं आणि उठून उभे राहिले.

"साहेब, मला ऐकू येत न्हाय. लई वर्सं झाली. पोरं वाचायची आनि मी नुसती मान हलवायचो. ह्या बाईनं वळकलं. मला कळलं तिला कळलंय म्हनून. पर तिनं मला कदी दाखवलं न्हाय, भागाकार येत न्हाय म्हनून माझ्याकडं आली. आता माझ्यामागं काय चौकशी लावायची ती लावा. बाईचं वर्स घालवू नका."

एवढं बोलून ते उभेच राहिले. परीक्षक "बसा गुरुजी" म्हणाले ते त्यांना ऐकू आलं नाही.

कुणी चौकशी लावली नाही. परीक्षकांनी ती गोष्ट कागदावर घेतली नाही, संगीताला पास केलं, आणि गुरुजी पुढे गणित शिकवत शिकवत मानानं निवृत्त झाले. संगीता अजून वर्गावरच आहे. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी त्या खोलीत पुढं काय होणार हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

संगीता तोंडाला पदर लावून रडत होती. रागानं रडत होती. पदराआडूनच म्हणाली, "कशाला सांगितलंत हो? झाले असते मी नापास. तुम्ही कशाला सांगितलंत?"

गुरुजींना फक्त पदर दिसत होता. ते कावरेबावरे होऊन म्हणाले, "काय म्हनल्या बाई?"

तिनं डोळे पुसले, पदर खाली घेतला आणि त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. अगदी समोर, मुलं उभी राहायची तशी.

"काही नाही गुरुजी," ती सावकाश म्हणाली. "जेवायला चला."